वाघ दोन्ही बाजूंनी उपाशी

बाळांनो,

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर नव्या डोळ्यानं पहिल्यांदा जे नीट पाहिलं, ती तुम्ही पाठवलेली कॅसेट. सगळ्या जगाला पाठ असलेली परीकथा, पण उलटीपालटी करून, हसवत हसवत सांगितलेली, आणि सगळी चित्रांची. त्या रात्री तुमचा फोन आला आणि धाकटीनं विचारलं, "आजी, तुझ्या लहानपणी असं काही नसेल ना?" मी सवयीनं म्हणाले, "नव्हतं ग."

ते खरं नव्हतं. होतं. सोलापुरात होतं, तीन मिनिटांचं होतं, आणि ते एका माणसानं एकट्यानं काढलं होतं. डोळा चांगला आहे तोवर ते लिहून ठेवते.

हे गृहस्थ आम्हां मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला आठवड्यातून दोनदा येत. आम्ही त्यांना चौकडीमास्तर म्हणायचो. चौकडीच्या कागदाशिवाय त्यांना रेघ ओढता येत नसे. खिशात कायम त्या कागदाची घडी असे आणि जगातली कोणतीही गोष्ट ते चौकड्यांत मोजत. ऊन वर्गात किती आलं? तीन चौकड्या. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आज किती रागावल्या आहेत? भुवई दीड चौकडी वर.

फळ्यावर चित्र काढताना ते खालून सुरुवात करत. आधी पाय, मग पोट, मग मान, सर्वांत शेवटी डोकं. त्यामुळे अर्धा तास आम्हांला कळायचं नाही की ही गाय आहे, टेबल आहे की देऊळ. एकदा मी उठून विचारलं, "मास्तर, आधी डोकं काढलं तर आम्हांला लवकर समजेल."

"अम्मा," ते म्हणाले. घरी तेलुगू बोलत, म्हणून वर्गातल्या प्रत्येक मुलीला अम्मा म्हणत. "अम्मा, कापड वरून खाली विणतात का? खालून वर चढतं की ते. सुरुवात खालून."

शाळेत येण्याआधी ते एका गिरणीत साड्यांच्या काठांच्या नक्ष्या काढत. चौकडीच्या कागदावर नक्षी काढायची, एक चौकडी म्हणजे एक धागा. मग त्या कागदाची एकेक ओळ वाचून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे. ओळी वाचायच्या त्या खालून वर. पुठ्ठ्यांची गड्डी लावायची तीही पहिला पुठ्ठा तळाशी ठेवून. बापाच्या मागाखाली रांगत ते हे शिकले होते. तुम्ही जसे डावीकडून उजवीकडे वाचता आणि त्याचा विचार करत नाही, तसं.

गिरणीतलं काम त्यांनी एका सकाळी सोडलं. का सोडलं, हे त्यांनी आम्हांला भर वर्गात सांगितलं.

"अकरा वर्षं कोयरी काढली. एकदा पण हलली नाही."

आम्ही खदखदून हसलो. ते हसले नाहीत. ते खरंच सांगत होते.

शहरात लोक त्यांना वेडा म्हणत, आणि लोकांचं फार चुकत होतं असं नाही. भर नवी पेठेत, कापडाच्या दुकानांच्या गर्दीत, ते चालता चालता एक पाय हवेत धरून थांबत आणि दुसऱ्या पायाचं काय होतं ते वाकून बघत. मागून येणारा हमाल ओरडायचा, "ओ मास्तर, पाय ठिवा की खाली! का भाड्यानं दिलाय?" एकदा एका म्हशीच्या मागे ते तलावापासून पार बाळीवेसपर्यंत गेले. म्हशीच्या मालकाला वाटलं, माणूस म्हैस पळवणार. त्यानं हटकलं तर हे म्हणाले, "म्हैस तुमचीच हाय हो. मला फक्त मागचा डावा पाय पाहिजे."

हे सगळं एका छोट्या विलायती फिल्ममुळे झालं होतं. नवी पेठेच्या मागं एक पत्र्याचं थिएटर होतं. तिथं मोठ्या चित्रपटाच्या आधी चार-पाच मिनिटांचं काहीतरी दाखवत. एका आठवड्यात त्यात रेघांनी काढलेला एक कुत्रा होता, शिडीवर चढून पडणारा. मास्तरांनी तो सात दिवस सात वेळा पाहिला आणि मोठा चित्रपट सुरू झाला की उठून घरी गेले. आठव्या दिवशी शाळेत येऊन ते एवढंच म्हणाले, "कागदावरचं हलतं, अम्मा. मी बघितलं."

तसा आवाज मी पुढं फार थोड्या वेळा ऐकला. देवळातून आलेला माणूसही असा बोलत नाही.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. माझं अक्षर चांगलं, वह्या नीटनेटक्या, म्हणून मास्तर मला कागद कापायला, पेन्सिलींना टोक करायला बोलावत. त्यांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. घरात ते आणि त्यांची आई. तिला ते अव्वा म्हणत, मग आम्हीही अव्वाच म्हणायचो. अव्वा दाराशी बसून कांड्या भरत असे, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळत असे. धागा तुटला की तिला दिसत नसे, बोटांना कळे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. डावा गेलाच होता. उजव्यानं तिला दारातला माणूस दिसे, त्याचा चेहरा दिसत नसे.

"कोन? वकिलाची पोर का?" ती विचारायची.

"हो, अव्वा."

"पायावरनं वळखलं. लई टापटीप टाकतीस पाय. घाबरल्यासारकं."

मास्तरांना लहानपणी तिनं एकच गोष्ट सांगितली होती, म्हातारीची आणि भोपळ्याची. मी ती तुमच्या आईलाही सांगितली आहे, पण तुम्ही विसरला असाल म्हणून थोडक्यात सांगते. एक वाळकी म्हातारी जंगलातून लेकीकडे निघते. वाटेत वाघ अडवतो. म्हातारी म्हणते, आता मला खाऊन तुझ्या दाताला काय लागणार? लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा. लेकीकडे ती तूप आणि पोळ्या खाऊन लठ्ठ होते, आणि परत निघताना एका मोठ्या भोपळ्यात बसून गडगडत वाघाच्या नाकासमोरून घरी जाते. वाघ बसतो वाट बघत.

मास्तरांना ही गोष्ट हलवायची होती, अव्वाचा उजवा डोळा जाण्याआधी. दुसरं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. डोळ्यांचे डॉक्टर मिरजेला होते. त्यांनी सांगितलं होतं की ऑपरेशन करू, पण वय पाहता दिसेलच असं नाही. मास्तरांनी ऑपरेशन पुढं ढकललं. मला ते एकदाच म्हणाले, "आधी बघू दे तिला. मग डॉक्टर काय करायचं ते करू दे."

दोन वर्षं ते काढत होते. चौदाशे चाळीस चित्रं. प्रत्येक कागद खिडकीच्या काचेवर आधीच्या कागदावर धरायचा आणि पाय एक चौकडी पुढं सरकवायचा. वाघ त्यांनी कधी पाहिला नव्हता. घरातल्या मांजरीवरून त्यांनी वाघ काढला, त्यामुळे तो म्हातारीला धमकी देऊन झाली की बसून पंजा चाटायचा. म्हातारी मी होते. वर्गाच्या मागच्या पडवीत काठी टेकत, कंबरेत वाकून मी दहा पावलं चालायची आणि ते प्रत्येक पावलाला "थांब!" म्हणायचे. एके दिवशी मोठ्या बाई तिथून जात होत्या.

"हे काय चाललंय? चित्रकलेच्या तासाला लंगडायला कुणी सांगितलं?"

"लंगडत नाही बाई," मी एका पायावर म्हणाले. "लेकीकडे चाललेय."

मास्तरांनी मान खाली घातली. बाईंची भुवई, त्यांनी मला नंतर सांगितलं, पुऱ्या दोन चौकड्या चढली होती.

चित्रं उतरवायचं यंत्र त्या पत्र्याच्या थिएटरातल्या ऑपरेटरकडे होतं. त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. कुठल्याशा फिरत्या कंपनीनं जाताना मागं टाकलेला जुना कॅमेरा त्यांनी दुरुस्त केला होता. दांडी एकदा फिरवली की एकच चित्र उठे. फिल्मही त्यांनीच कुठून तरी मिळवली होती आणि ती उन्हाळ्यात टिकणार नव्हती. शेवटचा कागद झाला त्याच आठवड्यात अव्वाचा उजवा डोळा एकाएकी लाल झाला. मास्तर तिला घेऊन मिरजेला निघाले. जाताना त्यांनी चौदाशे चाळीस कागदांची गड्डी दोरीनं बांधून माझ्या हातात दिली.

"चाचांना एकेक देत जा. उलटसुलट करू नको. गड्डी लावून ठेवलीय मी."

तीन दिवस शाळेच्या गच्चीवर, पांढऱ्या उन्हात, आम्ही दोघांनी ते काम केलं. मी गड्डीवरचा कागद उचलायची, फळीवर ठेवायची, चाचा त्यावर काच दाबायचे आणि दांडी दोनदा फिरवायचे. कागदांच्या खालच्या कोपऱ्यात बारीक आकडे होते, पण ते तेलुगूत. मला वाचता येत नव्हते, चाचांनाही नाही.

सगळ्यांत वरच्या कागदावर म्हातारी आपल्या घराच्या दारात, अर्धी दाराआड उभी होती. सुरुवात अशीच असणार. पुढं थोड्या वेळानं भोपळा आला. मला वाटलं, भोपळा फार लवकर आला. चाचांनाही वाटलं.

"बेटी, ये बुड्ढी पैले से मोटी हय क्या?"

"हो," मी ठामपणे म्हणाले. "मास्तरांनी गंमत केली असेल. ते उगीच काही करत नाहीत."

"हौ. वो तो सही हय," चाचा म्हणाले आणि त्यांनी दांडी फिरवली.

मुलांनो, तुम्हांला आता कळलं असेल. मी पुस्तकांच्या घरातली मुलगी. माझं पहिलं पान वर असतं.

फिल्म पुण्याहून धुऊन आली. मिरजेच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुढचा सोमवार दिला होता. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मुख्य खेळाच्या आधी थिएटर मिळालं. तोवर बोलपट आले होते, म्हणून हातानं फिरवायचं जुनं यंत्र कोपऱ्यात पडलं होतं. चाचांनी ते पुसून काढलं. गल्लीतले सगळे विणकर आले, त्यांच्या बायका आल्या, आमचा वर्ग आला, आणि मोठ्या बाईही आल्या, एका टोकाच्या खुर्चीवर, पाठ सरळ ठेवून. अव्वाला पडद्यापासून चार हातांवर पाटावर बसवलं होतं. मास्तर तिच्याशेजारी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

अंधार झाला. पडद्यावर म्हातारी आली. पांढऱ्या कापडावर काळी रेघ, आणि ती रेघ श्वास घेत होती. मी त्या पायांना ओळखलं. ते माझे पाय होते, पडवीतले. माझ्या अंगावर जो काटा आला तो पुढं कधी इतका आला नाही, तुमच्या आजोबांनी मला पहिल्यांदा समुद्र दाखवला तेव्हाही नाही. गल्लीतल्या एका विणकरानं हात जोडले.

आणि मग म्हातारी मागं चालायला लागली.

ती पाठमोरी भोपळ्यात शिरली. भोपळा चढावर गडगडत गेला. चिडलेला वाघ शांत होत गेला आणि पंजा चाटू लागला. लेकीच्या घरी म्हातारी पानावर बसली आणि तिच्या तोंडातून एक अख्खी पोळी बाहेर आली आणि ताटात पडली. मग दुसरी. मग तिसरी. ताटात पोळ्यांची चळत चढत गेली आणि म्हातारी वाळत गेली. लेकीनं पोळ्या उचलल्या, तव्यावर कच्च्या केल्या आणि त्यांचे गोळे करून परातीत ठेवले.

पत्र्याचं थिएटर हसून हादरलं. माणसं मांड्यांवर थापा मारत होती. मोठ्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. वरून चाचांचा आवाज आला, "अरे मास्टर! बुड्ढी पिच्छे कू जारी ना जी!"

मी मास्तरांकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता. ते हसत नव्हते. त्यांना सगळं कळलं होतं, गड्डी, तळचा कागद, मी. दोन वर्षं आणि एक डोळा. पडद्यावर वाघ झुडपात मागं मागं गेला, म्हातारी आपल्या दारात पाठमोरी पोचली आणि थांबली. फिल्म संपली.

मी रडत उठले. "मास्तर, मी वरून दिले. मी वरून दिले कागद."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते अव्वासमोर उकिडवे बसले आणि तेलुगूत काहीतरी म्हणाले. एकच शब्द मला कळला, तप्पु, म्हणजे चूक.

अव्वा पडद्याकडेच बघत होती. मग सगळ्यांना कळावं म्हणून की काय, ती मराठीत बोलली.

"उलटं हाय व्हय हे?"

"व्हय, अव्वा."

"मग? कापड कसं बघत्यात, बिड्डा? उलटं करूनच बघत्यात की. सुलटी बाजू कुणाची बी बरी असती." तिनं हवेत दोन बोटांनी पोत बघितला, जणू पडदा हातात होता. "तुज्याला उलट्या बाजूनं बी धागा लोंबत न्हाय. म्हातारी घरातनं निगाली, घरात पोचली. वाघ उपाशीच. गोष्ट बरोबर हाय."

कुणी तरी टाळ्या वाजवायला लागलं. मला वाटतं मोठ्या बाई.

"आता सुलटं दाव," अव्वा म्हणाली.

हातानं फिरवायचं यंत्र उलटंही फिरतं, हे मला त्या दिवशी कळलं. चाचांनी फिल्म काढलीसुद्धा नाही. जिथं संपली होती तिथूनच त्यांनी दांडी मागं फिरवायला सुरुवात केली. दुप्पट जोर लागत होता. त्यांचं दमणं खाली ऐकू येत होतं. आणि पडद्यावर वाळकी म्हातारी घरातून निघाली, पुढं तोंड करून, काठी टेकत. वाघानं तिला अडवलं. ती लेकीकडे गेली, पोळ्या तिच्या तोंडात गेल्या, ती फुगली, भोपळ्यात बसली आणि गडगडत घरी आली. आता कुणी हसत नव्हतं. सगळे बघत होते. हसायचं ते हसून झालं होतं, आणि आता फक्त ते आश्चर्य उरलं होतं, की माणसानं हातानं काढलेलं आपल्या पायानं चालतं. भोपळा येण्याआधी वाघ रिकाम्या रस्त्याकडे बघत पंजा चाटत बसला, तेव्हा अव्वा मोठ्यानं म्हणाली, "हे तर आपलं मांजर हाय!" तेव्हा मात्र मास्तर हसले. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत हसले.

सोमवारचं ऑपरेशन झालं. त्या डोळ्यानं अव्वाला पुढं काही दिसलं नाही.

मी आठवडाभर त्यांच्या घरी गेले नाही. गल्लीत नऊ-दहा चकरा मारून शेवटी दारात उभी राहिले तेव्हा अव्वा म्हणाली, "ये की. पाय वळखला. आज लई घाबरलाय." आत मास्तर पेन्सिलीला टोक करत होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "अम्मा, बाकीच्या माणसांना एकच सिनेमा बघायला मिळतो. तू गड्डी वरून दिलीस, म्हणून माझ्या आईनं दोन बघितले." ते मला बरं वाटावं म्हणून बोलले की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलायची कला त्यांना अवगत नव्हती, एवढं मात्र मला माहीत होतं.

दुसरी फिल्म त्यांनी काढली नाही. विचारलं तर म्हणत, "झालं की. हललं." पुढं शाळेत ते पूर्वीसारखेच येत राहिले, फळ्यावर पायापासून सुरुवात करत राहिले, फक्त रस्त्यात एक पाय हवेत धरून थांबणं बंद झालं. अव्वा मात्र बदलली. गल्लीतल्या पोरांना ती रोज संध्याकाळी म्हातारीची गोष्ट सांगू लागली, दोनदा. एकदा सुलटी आणि एकदा उलटी. पोळ्या तोंडातून बाहेर येतात तिथं पोरं लोळायची. डोळे नसलेली ती बाई हातांनी भोपळा चढावर ढकलायची आणि मुलांचे डोळे तिच्या हाताबरोबर वर जायचे.

तुमच्या आईलाही मी ती गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगितली आहे. तिला विचारा. उलटी तिला जास्त आवडायची.

फिल्मचं म्हणाल तर ती चाचांच्या डब्यात चिकटून तिचा गोळा झाला. कागदांपैकी बहुतेक मास्तरांनी विणकरांच्या पोरांना मागच्या कोऱ्या बाजूला पाढे लिहायला वाटून टाकले. शाळा सोडली त्या दिवशी त्यांनी मला एक दिला. त्यावर म्हातारी आपल्या घराच्या दारात उभी आहे, अर्धी दाराआड, त्यामुळे लठ्ठ की वाळकी ते कळत नाही. आकड्याचा कोपराही कसरीनं खाल्ला आहे, म्हणून हा पहिला कागद की शेवटचा, ते मला सांगता येत नाही. तो माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, पाकिटात आहे.